ॲक्शन या शब्दाची चिठ्ठी

११ जून १९५१, औरंगाबाद

आज जज्जसाहेबांनी बोलावून माझ्या हातात कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला. कोर्टाचं काम उर्दूतून इंग्रजीत गेल्यापासून कारकून, वकील, पक्षकार सगळेच चाचपडताहेत. तेव्हा कचेरीत लागणारे इंग्रजी शब्द एकेका चिठ्ठीवर एकेक घ्यायचे, त्यांचे मराठी अर्थ आणि जमलं तर मूळ लिहायचं, आणि हे सगळं श्री. सूर्यभान केरबा यांनी करायचं. म्हणजे मी. साहेब मद्रासकडचे. त्यांना मराठी येत नाही, उर्दूही येत नाही, म्हणून गेल्या दिवाळीत मला दुभाषा नेमलं. या कोर्टात मेंढरांच्या वाड्यातून थेट आलेला मी एकटाच, आणि हे कुणी विसरू नये याची काळजी मीच घेतो.

दुभाष्याचा नियम साहेबांनी पहिल्याच दिवशी घालून दिला होता. 'साक्षीदार असं म्हणतो' असं म्हणायचं नाही. तो 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. गेल्या आठवड्यात एका दिवसात मी एक चोर, एक पाटील आणि एक सासू झालो. सासू चांगली वठली, असं शिरस्तेदार म्हणाले.

१४ जून

शब्द भराभर चालले होते, ते ॲक्शनपाशी येऊन अडले. एक अर्थ कृती. दुसरा दावा, फिर्याद. तिसरा लढाई. चौथा बंदुकीच्या आतली यंत्रणा, म्हणजे खटका दाबल्यावर जे जे हलतं ते. एवढासा शब्द आणि किती घरी जेवतो! पाचवा अर्थ इथल्या लोकांचा: पोलीस ॲक्शन, निजामाच्या राज्यात फौज शिरली ती. त्यापुढं मी लिहिलं, 'सन १९४८ची घटना. अर्थ देण्याचे कारण नाही, सर्वांस ठाऊक.' मी स्वतः तेव्हा इथंच वसतिगृहात दार लावून बसलो होतो, तेव्हा मलाही फार ठाऊक नाही. पण चिठ्ठीत तसं कुठं लिहिणार?

१६ जून

तात्यासाहेब वकिलांकडे दोन्ही हातांनी उचलावा लागतो असा इंग्रजी कोश आहे. त्यात शब्दांची मुळंही दिली आहेत. ॲक्शनचं मूळ लॅटिन, आणि त्या क्रियापदाचा जुना अर्थ काय असावा? हाकणे! गुरं-मेंढरं पुढं घालून हाकणे. मी तात्यासाहेबांच्या बैठकीतच मोठ्यानं हसलो. साहेब लोकांच्या कायद्यातला एवढा पोशाखी शब्द, आणि निघाला आमच्या वाड्यातून! कोश म्हणतो की एजंट त्याच कळपातला आहे आणि ॲगनी, म्हणजे यातना, हीसुद्धा लांबची नातलगच. रविवारी वाडीला जाऊन आबाला, माझ्या बापाला, सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

२४ जून, वाडी

शेंद्र्यापर्यंत मोटार, पुढं पायी. मेंढरांची कातरणी चालली होती. मीही धोतर खोचून बसलो. हात विसरलेले नाहीत, कंबर मात्र विसरली आहे. अठ्ठेचाळीसनंतर आमचा कळप बघता बघता वाढला. वाडीत कुणाचा एवढा नाही. आबाच्या हाताला यश आहे, असं सगळेच म्हणतात. माझ्या शिक्षणाची शेवटची वर्षं, ही नोकरी मिळेपर्यंतचं शहरातलं राहणं, सगळं त्या कळपानंच ओढलं.

कातरताना एक गंमत दिसली. आमची खूण डाव्या कानाला असते, खालच्या कडेला एक खाच. ती सगळ्यांना आहेच. पण म्हाताऱ्या मेंढ्यांपैकी बऱ्याच जणींचा उजवा कान आखूड, शेंडा सरळ छाटलेला. मी विचारलं तर आबा कात्री न थांबवता म्हणाला, "कानाला कीड पडली व्हती. छाटावंच लागलं." मी म्हणालो, कीडसुद्धा किती शिस्तीची, सगळ्यांचा उजवाच कान धरला! आई तिथून उठून चुलीकडं गेली.

मग मी ॲक्शनचं मूळ सांगितलं. वाटलं, आबा खूश होईल. त्यानं कातरून झालेली मेंढी सोडून दिली. मग म्हणाला, "हाकनं म्हंजी आपली हाकायची का दुसऱ्याची?" मी म्हणालो, तसं काही कोशात दिलेलं नाही. "मंग आर्धंच लिव्हलंय त्यानं," आबा म्हणाला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाची ही बुद्धी! मला त्याचा फार अभिमान वाटला.

३ जुलै

आज एक अर्ज समोर आला आणि मी तो तीनदा वाचला. वादी हाजराबी, मयत चांदभाई मुल्ला यांची बायको. प्रतिवादी केरबा. मागणी: नवऱ्याची मेंढरं प्रतिवादीच्या कळपात आहेत, ती परत मिळावीत.

चांदचाचा आमच्या वाडीचे मुलाणी. आबाचे जिवलग. दोघांची मेंढरं एकाच माळावर चरायची. ईदेला हाजराचाची मला घरी बोलावून शिरखुर्मा प्यायला द्यायची, आणि माझं पहिलं दप्तर तिनंच शिवलं होतं. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत चाचा गेले. कसे, कुठं, कुणी सांगत नाही. चाची भावाकडं मालेगावला गेली, ती आता परत आली आहे आणि शहरात किराडपुऱ्यात बहिणीकडं राहते.

दुःखानं बाईचा गैरसमज झाला असणार. कुणीतरी कान फुंकले असतील. आबा दुसऱ्याच्या मेंढराला पाणीसुद्धा विचारून पाजणारा माणूस आहे.

१२ जुलै

आबाचं वकीलपत्र तात्यासाहेबांनी घेतलं. दावा पुकारला गेल्यावर मी उभा राहून साहेबांना सांगितलं की प्रतिवादी माझे वडील आहेत, या दाव्यात दुसरा दुभाषा पाहावा. साहेबांनी वादीला विचारायला सांगितलं. मी तिलाच विचारलं, चाची, मी चालेन का? चाची माझ्याकडं बघत म्हणाली, "सूर्याच पायजे. दुसऱ्याला आमची बोली नाय समजायची. आन् सूर्या झूठ बोलत नाय." हे सगळं मला इंग्रजीत सांगावं लागलं. स्वतःची तारीफ स्वतःच भाषांतरित करताना कान तापले.

आबा खाली बघत होता.

२० जुलै

आज चाचीची जबानी. तिला वकील नाही, साक्षीदार नाही. वाडीतून कुणीही आलं नाही. ती बोलत गेली आणि मी नियमाप्रमाणे 'मी' म्हणत गेलो. माझा नवरा सकाळी मेंढरं घेऊन माळावर गेला. दिवस कलला तरी आला नाही. मी उंबऱ्यात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, इथून जा, नाहीतर तूही राहणार नाहीस. मी गेले. 'माय हजबंड' म्हणताना माझा आवाज फुटला. साहेबांनी पाणी मागवून दिलं.

पुरावा विचारल्यावर चाची म्हणाली, "आमची खूण उजव्या कानाला, शेंड्याला चीर. आता ती दिसनार नाय, म्या वाडीत जाऊन बघून आले. शेंडाच नाय तर चीर कुठून दिसंल?" तात्यासाहेब हसले आणि म्हणाले, म्हणजे पुरावा नाही.

तेव्हा ती म्हणाली, "साहेब, एक करा. केरबादादानं खंडोबाचा भंडारा उचलावा आन् म्हनावं, मेंढरं मपली हायेत. म्या सगळं सोडून देते. परत कोर्टाची पायरी चढनार नाय."

साहेबांनी कायद्याचं पुस्तक चाळलं. अशी सोय आहे. एका पक्षानं मागितलेली शपथ दुसऱ्यानं मान्य करून घेतली, तर शपथेवर तो जे बोलेल तेच अखेरचं. दोघांनाही मान्य का, विचारलं. तात्यासाहेबांनी तत्परतेनं मान डोलावली. आबाचा रंग उतरला होता. ऊन फार होतं.

मला तर हायसं वाटलं. आता दूध का दूध होईल! धनगर माणूस कोर्टातल्या शपथेला एकवेळ दाद देणार नाही, पण भंडारा हातात घेऊन खोटं? आमच्यात कुणी ऐकलेलंही नाही. भंडारा मीच आणून देतो, असं मी आपणहून साहेबांना सांगितलं.

२२ जुलै

रविवार, देवाचाच वार. शहराबाहेरच्या सातारा गावी खंडोबाला चालत जाऊन भंडारा आणला. कोऱ्या चिठ्ठीची पुडी केली. आबाला कमीपणा वाटू नये म्हणून ताजा, मूठभर मागून घेतला.

२४ जुलै

मंगळवार. पुडी मी स्वतः आबाच्या तळहातावर उघडली. आबानं माझ्याकडं पाहिलं. लहानपणी माळावर ओढा ओलांडताना मागं वळून बघायचा, मी येतोय की नाही ते, तसं. मी मान हलवली, म्हणजे बोल, भिऊ नको.

आबा म्हणाला, "मेंढरं मपली हायेत."

आणि मी मोठ्यानं, स्वच्छ इंग्रजीत म्हणालो की मेंढरं माझी आहेत. साहेबांनी ते लिहून घेतलं.

चाची उठली. साहेबांना सलाम केला. आबाच्या समोर येऊन म्हणाली, "दादा, आता तुमची झाली." मग माझ्याकडं वळून, "बेटा, तू लई साफ बोलतो." आणि निघून गेली. बाहेर तात्यासाहेबांनी माझी पाठ थोपटली. आबाच्या मुठीत भंडारा तसाच होता. कपाळाला लावला नव्हता. मी म्हणालो, लाव की! तो म्हणाला, "घाम हाय."

५ ऑगस्ट

वाडीला जाऊन आलो. दावा जिंकलेल्या घराची कळा काही दिसली नाही. आबा वाड्यात जात नाही. मेंढरं आई सोडते, आईच कोंडते. आबा बाहेर बाभळीखाली घोंगडी टाकून पडलेला. देवाला शिवत नाही. देव्हाऱ्यातले टाक आईनं फडक्यात बांधून माझ्याजवळ दिले. "तुझ्याकडं ऱ्हाऊ दे," म्हणाली. मी कारण विचारलं. "तुझ्या बापाला इच्यार," म्हणाली. बापाला विचारलं तर, "वय झालं रे."

खरंच वय झालं असावं. वैद्याला दाखवलं पाहिजे.

१९ ऑगस्ट

चिठ्ठ्यांचं काम ठप्प आहे. ॲक्शनची चिठ्ठी समोर ठेवतो आणि उचलून बाजूला ठेवतो. आज त्या छाटलेल्या कानांबद्दल विचार करत बसलो. कान सडला तर माणूस सडलेला भाग वेडावाकडा कापतो. त्या कानांचे काप एकाच मापाचे होते. मग विचार केला, आबाचा हात आहेच तसा सफाईचा.

२ सप्टेंबर

आज सकाळी शहागंजात मेंढरांनी रस्ता अडवला. टांगेवाले शिव्या देताहेत, पोरं शिट्ट्या मारताहेत, आणि पुढं काठी घेऊन आबा. सगळा कळप घेऊन तो आदल्या दिवशीच वाडीतून निघाला होता. मी धावत गाठलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. विचारत विचारत किराडपुऱ्यात चाचीच्या दारापर्यंत गेला. गल्ली दोन्ही भिंतींपर्यंत मेंढरांनी भरली.

चाची उंबऱ्यात आली. आबा म्हणाला, "हाजराबी, तुमची तुम्ही घ्या. पोटची पिल्लंबी घ्या."

ती म्हणाली, "दादा, म्या सोडून दिली. देवाच्या नावानं सोडलेली चीज घरात कशी घेऊ?"

"मंग म्या कुठं नेऊ?"

"ते तुमी जानो." आणि तिनं दार लावून घेतलं.

आबा त्या बंद दारापुढं उभा राहिला. मेंढरं नालीतला पाला खात होती. मग त्यानं ती फिरवली आणि आला तसा निघाला.

तेव्हा मला कळलं. नाही, कळलं असं लिहिणं खोटं आहे. कापलेले कान मी जूनमध्येच हातात धरले होते. मला कळून घ्यायचं नव्हतं. चाची म्हणाली होती, सूर्या झूठ बोलत नाही. आणि भर कोर्टात, पुडी स्वतः आणून, मी बोललो. मला माझी लाज वाटते. आबाची वाटते त्याहून जास्त वाटते.

६ सप्टेंबर

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ऐकलं. म्हणाले, शपथेवर मिटलेला दावा पुन्हा उघडत नाही. वादीची स्वतःचीच अट होती. नंतर माझ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा परत केला. अक्षर चांगलं आहे, म्हणाले. ॲक्शनच्या चिठ्ठीवर 'मूळ अर्थ: जनावरे हाकणे' या ओळीवर त्यांनी तांबडी रेघ मारली होती. बाजूला शेरा: कामाचे नाही.

९ सप्टेंबर

चाचीकडं गेलो. तिनं बसायला पाट दिला. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "राहू दे. तुला काय माहीत."

मी म्हणालो, चाची, मेंढरं घे. तुझीच आहेत. ती हसली. असं हसणं पुन्हा बघायला नको.

"या गल्लीत मेंढरं कुठं बांधू? मला मेंढरं नको व्हती, सूर्या. तीन वर्षांनी परत आले, तर वाडीत ज्याला इच्यारलं त्यानं तोंड फिरवलं. चांद कुठं पडला, कुनी सांगत नाय. मला वाटलं, भंडारा बघून केरबादादाची जीभ उचलनार नाय. मंग साहेब इच्यारतील, मेंढरं तुझ्याकडं कशी आली? मंग त्याला चांदचं सांगावं लागंल. म्हनून दावा टाकला. दुसरं कुनी इच्यारनारं नव्हतं मला."

मी तसाच उठून वाडीला गेलो. आबा बाभळीखाली होता. चाची काय म्हणाली ते सांगितलं, एक शब्द न गाळता. आबा म्हणाला, "तिला घिऊन ये. सांगतो."

२३ सप्टेंबर

आज चाचीला घेऊन गेलो. मोटारीत ती खिडकीशी बसली. शेंद्र्याहून पुढं चालताना तिनं माझा दंड धरला होता.

आबा वाट बघत उभा होता. तो पुढं, आम्ही मागं. माळाच्या पलीकडं ओघळ आहे, तिथं तो थांबला आणि काठीनं जागा दाखवली. करवंदीची जाळी वाढली आहे. दुसरं काही नाही. आबा उभ्या उभ्याच बोलला.

"चांद मेंढरं घिऊन मपल्याकड आला. म्हनला, केरबा, मुसलमान हुडकत वाडीत मानसं शिरलीत. म्या त्याला मपली घोंगडी पांघरली. म्हनलं, काठी धर, मेंढरांत हुबा ऱ्हा, धनगर दिसतूस. तेवढ्यात ती मानसं आली. आठ-धा जन. वळखीचं एक बी नव्हतं. म्हनले, ही मेंढरं कोनाची? म्या म्हनलं, मपली हायेत."

चाची त्याच्या तोंडाकडं एकटक बघत होती.

"मंग म्हनले, आन् ह्यो मानूस?"

माळावर वारा होता. आबानं काठी दोन्ही हातांनी धरली.

"म्या काय बोललोच न्हाई, हाजराबी. मपला गडी हाय, एवढं म्हनायचं व्हतं. तोंडच उघडलं न्हाई. मेंढरं मपली म्हनलो. मानूस मपला म्हनलो न्हाई."

मग कान. ती माणसं परत येतील आणि खूण ओळखतील या भीतीनं त्यानं त्याच दिवशी उजवे कान छाटले. पुढं भीती गेली, कळप राहिला.

चाचीनं विचारलं, "काय म्हनला का तो?"

"न्हाई. मपल्याकड बघत व्हता."

आबा खाली बसला आणि म्हणाला, "मपल्यावर दावा लाव. आता काय बी लपवीत न्हाई. सूर्या लिव्हून दील."

ती म्हणाली, "कशानं लावू? मेंढराला कान तरी व्हता दाखवायला. मानसाचं काय दाखवू?"

तिनं जाळीपाशी ओढणी सारखी केली आणि मातीवर बसली. ओठ हलत होते. आबा दहा पावलांवर, पाठ फिरवून. मी दोघांच्या मध्ये उभा होतो. ऊन डोक्यावर आलं तरी कुणी जागचं हललं नाही. दोघांची बोली एकच आहे आणि त्यांना माझी गरज नव्हती.